अण्णारावांच्या उरलेल्या पट्ट्या

प्रदीप पहिल्यांदा येसूबाईंच्या तावडीत सापडला, तो नव्या खोलीत सामान हलवायच्या दिवशी. त्याचा टेम्पो त्यांच्या दारात आडवा लागला होता. येसूबाई एकच वाक्य बोलल्या. पलीकडच्या टॉवेल कारखान्यातले माग थबकले, तीन कुत्र्यांनी कायमची गल्ली बदलली आणि टेम्पो म्हणे ड्रायव्हरविनाच मागे सरकला. मग त्यांनी प्रदीपला चहा पाजला. मोठ्या दवाखान्यात तीस वर्षं आया होती ही बाई. मायाही वॉर्डात ओरडल्यासारखी करायची.

प्रदीप माग दुरुस्त करायचा, त्यामुळे कंबर कायम धरलेली. शेजारचे अण्णाराव कॅन्सरने गेले आणि महिन्याने तानाबाईंनी नवऱ्याचं कपाट आवरलं. सदरे वाटले, चपला वाटल्या, तशाच दुखण्यावरच्या उरलेल्या पाच पट्ट्याही वाटायला काढल्या. महागाची वस्तू, टाकवेना. एक प्रदीपला दिली. त्याने ती रात्री कमरेला चिकटवली आणि सकाळी वरून गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेकही घेतला. दुपारपर्यंत दुखणं गेलं. पाठोपाठ प्रदीपही निघाला होता.

येसूबाई भाजीची वाटी घेऊन आल्या, तर हा उठेना. श्वास मोजला, मिनिटाला पाच. सदरा वर करून त्यांनी पट्टी ओरबाडली आणि त्याला कासीमच्या रिक्षात घातलं. वाटभर त्या त्याला थोबाडीत मारून जागा ठेवत होत्या.

"मावशी, मरेल की तो," कासीम म्हणाला.

"तू म्होरं बघ. मारतेय म्हणूनच जिता हाय."

दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या सकाळी सुजल्या गालाचा प्रदीप घरी आला, तेव्हा येसूबाई त्याला धरून थेट तानाबाईंच्या दारात.

"अफूच्या जातीचं औषध हाय हे, ताना. अण्णारावांच्या अंगाला सवय होती, ह्याच्या न्हाय. वर शेक दिला की तीन दिवसांचं औषध घाईनं आत जातंय. श्वास बंद पडतोय."

"मला कुणी सांगितलं?" तानाबाई रडू लागल्या. "इंग्रजी कागद दिला हातात. तो मी डब्याखाली अंथरला."

येसूबाईंचा चेहरा काळानिळा झाला.

"पट्टी लिहायला ह्या डॉक्टरांचे हात चालतात. उरली तर परत आणा, दुसऱ्याला लावू नका, एवढं बोलायला तोंडाला टाके घातलेत काय? बघतेच एकेकाला. आधी पट्ट्या काढ."

तानाबाईंनी तीन काढल्या.

"पाचवी?"

"बार्शीला धाडली. काल सकाळच्या एसटीनं. माझ्या भावाला, अभिमन्यूला. गुडघ्यानं झोप न्हवती त्याला."

तानाबाईंचाच फोन हिसकावून येसूबाईंनी तो लावला. पलीकडे भावजय होती.

"वन्सं, लई गुण आला बघा," ती म्हणाली. "अजून झोपल्यात. कसं निवांत घोरायला लागल्यात."

"उठव त्याला. पट्टी काढ आधी."

"झोपू द्या की. किती दिवसांनी डोळा लागलाय."

भावजयीला पटवण्यात चार मिनिटं गेली. दवाखान्यात नेईपर्यंत अभिमन्यू गेला होता.