दाढेचा चौथा तुकडा

भिंगकाकांचा या जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, डोळ्याला लावायच्या भिंगावर. बाकी डॉक्टर, वकील, हवामानाचा अंदाज आणि पोटची लेक, सगळं तपासून घ्यायचं. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. दुकान म्हणजे जिन्याखालची काचेची खोपटी, आत एक माणूस मावेल एवढी. माणूस थोडा जाड असता तर तोही मावला नसता.

पण खरं सांगू का, माणूस जन्मतः संशयी नव्हता हो. तरणाताठा असताना एका गिऱ्हाइकाने भर रस्त्यात बोंब ठोकली, "ह्याने माझ्या घड्याळाचं आतलं मशीन बदललं!" त्या गृहस्थाने घरी सुरीने झाकण उचकटलं होतं, कडेला ओरखडे चांगले ढळढळीत दिसत होते. पण ऐकतंय कोण? दोन वर्षं काका दुकानात बसून माशा मारत होते. तेव्हापासून त्यांनी दोन नियम केले. काढलेला जुना पार्ट कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. आणि घड्याळ हातात घेताच पहिला प्रश्न विचारायचा, "घरी कोणी उघडलं होतं का?" त्यावर शंभरातले नव्याण्णव जण बिनदिक्कत सांगायचे, "छे हो, हातसुद्धा लावला नाही!"

तर अशा या माणसाची अक्कलदाढ दुखायला लागली. लेक म्हणाली, "बाबा, साठी उलटल्यावर अक्कल येतेय होय?" पण गाल सुजला तशी तिची थट्टा बंद झाली आणि ती त्यांना दुकानाच्याच वरच्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. पाटीवरचा रंगही अजून ताजा होता, आणि काकांना तेच खुपलं.

बाईंनी एक्स-रे दाखवला. दाढ हिरडीखाली आडवी पडून पुढच्या दाढेला ढुशी देत होती, आणि तिच्याभोवती काळा डाग होता. "ही पाण्याची पिशवी आहे. ती हाड पोखरते. अशीच ठेवली तर जबडा आतून पोकळ होईल, मग साध्या धक्क्यानेही मोडेल."

काकांनी खिशातून भिंग काढून एक्स-रेला लावलं. "हा डाग फोटोतला तर नाही ना?"

"नाही काका, तुमचाच आहे."

मग बाईंनी विचारायला सुरुवात केली. रक्तदाब? साखर? रक्त पातळ करायची गोळी? कुठल्या औषधाची ॲलर्जी? काका खेकसले, "झडती घेताय का माझी?"

"लपवलंत तर ऐन वेळी रक्त थांबवताना माझी तारांबळ उडेल," बाई शांतपणे म्हणाल्या. मग कुठे काकांनी रक्तदाबाची गोळी कबूल केली. ती चुकवू नका, हलकं जेवून या, सोबत कोणीतरी आणा, असं बाईंनी बजावलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.

"सही कशाला? गडबड करायचं आधीच ठरलंय वाटतं!"

"सूज येईल, ओठ कदाचित काही दिवस बधिर राहील, हे मी तुम्हाला सांगितलं, याची सही."

काकांनी कागद दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "सही करतो. पण काढलेला पार्ट मला मिळाला पाहिजे."

ऑपरेशनला पाऊण तास लागला. दुखलं नाही, पण जबड्यात करकर चाललेली ऐकून काकांनी खुर्चीचे हात असे धरले होते की ते सोडवताना लेकीला जोर लावावा लागला. शेवटी बाईंनी एक टाका घातला, कापडाचा बोळा चावायला दिला आणि शब्दाला जागून बाटली पुढे केली. आत दाढेचे तीन तुकडे होते.

काकांनी तीन बोटं नाचवून डोळे वटारले.

"मोडली नाही हो, मुद्दाम कापली. अख्खी ओढायची तर हाड जास्त तासावं लागलं असतं. आता नीट ऐका. आज चूळ नको, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. गालाला बाहेरून बर्फ लावा. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरेल, ते हाडावरचं झाकण आहे, त्याला जपायचं. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी नुसतं तोंडात धरा आणि ओघळू द्या."

लेकीने सगळं लिहून घेतलं. काकांचं सारं लक्ष बाटलीत होतं.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली आणि काकांनी दुकान उघडलं. तुकडे धुतले, पुसले, चिमट्याने जुळवायला घेतले. जुळले, पण मध्ये फट राहिली, चांगली नखाएवढी. तिन्ही तुकड्यांची बेरीज अख्खी दाढ होत नव्हती. चौथा तुकडा कुठे गेला? आत राहिला! घड्याळात कण राहिला तर घड्याळ बंद पडतं, हे तर जबड्याचं हाड!

त्यांनी छोटा आरसा उभा केला, टॉर्च लावला, डोळ्याला भिंग चढवलं आणि आ वासला. टाक्याशेजारी काळपट लाल मळ बसला होता. क्षणभर बाईंचं बोलणं आठवलं, हेच ते झाकण तर नव्हे? पण संशयाला उत्तर तयारच असतं. झाकण घालतात ते आतलं लपवायलाच की! काकांनी चिमटा उकळत्या पाण्यातून काढला आणि तो मळ अलगद उचलून बाहेर घेतला. चाळीस वर्षांचा हात, जराही थरथरला नाही. खाली पांढुरकं हाड दिसलं. तुकडा मात्र नव्हता.

तिसऱ्या दिवशी जबड्यातून कानापर्यंत अशी कळ निघाली की काका ढसाढसा रडले. बापाला रडताना लेकीने आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं. "काय झालं, बाबा?"

"तिने आत तुकडा सोडलाय," काका म्हणाले. "सांगत नव्हतो मी?" चिमट्याचं ते काही बोलले नाहीत.

लेक बापाला धरून तडक वर गेली. बाकावर चार पेशंट बसले होते, त्यांच्यासमोरच ती कडाडली, "येत नाही तर दवाखाने उघडता कशाला? माझ्या बापाच्या तोंडात दाढेचा तुकडा सोडलात!" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघं पिशव्या उचलून जिन्याकडे निघाले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं आणि दिवा वळवला.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "तुकडा नाही आत. लाकूड कापलं की भुसा पडतो ना, तशी कापताना तेवढी दाढ उडून गेली. पण गुठळी जागेवर नाहीये, हाड उघडं पडलंय. काका, घरी कोणी उघडलं होतं का?"

काकांनी तोंड उघडलं. "छे हो, हातसुद्धा..."

आणि ते थांबले. शब्द ओळखीचे होते. चाळीस वर्षं हेच ऐकत आले होते ते, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत आले होते, खोटारडा लेकाचा!

ते तसेच उठले, गळ्यात बांधलेला रुमाल घेऊन दारात गेले. तोंड नीट उघडत नव्हतं, तरी जिन्यात ऐकू जाईल असं ओरडले, "अहो थांबा! बाईंची चूक नाही. मी उघडलं. माझ्या चिमट्याने, माझ्या हाताने. वर लेकीशी खोटं बोललो."

लेकीचा चेहरा शरमेने लाल झाला. जिन्यातले दोघं थबकले. त्यातला एक परत येऊन बाकावर बसला, दुसरा गेला तो गेलाच.

बाईंनी खड्डा हलक्या हाताने धुतला आणि औषधाची पट्टी आत बसवली. पाच मिनिटांत कळ ओसरली. "आता पुन्हा उघडायचं नाही हं. दोन दिवसांनी पट्टी बदलायला या."

काकांनी मान हलवली. मग खिशात हात घालून चिमटा काढला आणि बाईंच्या ट्रेमध्ये ठेवला.

"हा तुमच्याकडे राहू द्या. जखम भरली की परत करा. तोवर माझा माझ्यावर भरवसा नाही."