आक्काला फोनवर वाचून दाखवलेलं पुस्तक

बेळगावच्या स्टँडवर बंगळूरची बस लागली तेव्हा आई, आक्का आणि मी, तिघीच होतो. आप्पा आले नव्हते. आईनं भाकरी-चटणीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि कानाशी येऊन म्हणाली, "तिकडं कुणाफुडं घरातलं काय सांगत बसू नगंस."  आक्कानं माझी ओढणी मानेभोवती नीट गुंडाळली आणि वळ झाकला. मी चोवीस वर्षांची होते, हातात इंजिनीअरिंगची पदवी होती आणि दोनच दिवसांपूर्वी वडिलांनी मला पट्ट्यानं मारलं होतं. कारण आठवत नाही. आप्पांना कारण लागायचं असंही नव्हतं.

बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळी गावात त्यांना मोठा मान. कुणाच्या बांधाचं भांडण असो की लग्नाची बोलणी, लोक आप्पांना बोलवायचे. घरी मात्र ते स्कूटर स्टँडवर कशी चढवतात, त्या आवाजावरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे आम्हा दोघी बहिणींना कळायचं. आवाज वाईट आला की आक्का मला आतल्या खोलीत ढकलायची आणि स्वतः बाहेर थांबायची.

बंगळुरात मी सुरुवातीला पीजीत राहिले. माझं बेळगावी कन्नड ऐकून ऑफिसातली मुलं गालात हसायची. मीही हसायचे. घरचं कुणी विचारलं की "सगळे मजेत" हे उत्तर तीन भाषांत तयार होतं. मग एकदा शेजारच्या डेस्कवरच्या शैलजानं एक कन्नड पुस्तक वाचायला दिलं. एका शिक्षिकेचं आत्मकथन, लहानपणी बापाच्या हातचा मार खाल्लेल्या. मेट्रोत उभ्यानं वाचत होते. तिनं लिहिलं होतं की बाप दारात चपला कशा काढतो, त्यावरून तिला त्याचा राग ओळखू यायचा.

माझं स्टेशन गेलं. त्यापुढचंही गेलं. शेवटच्या स्टेशनवर बाकावर बसून मी ते पान पुन्हा वाचलं. रडू आलं असेल असं तुम्हाला वाटेल, पण नाही. मला आनंद झाला होता. परक्या गावात अचानक आपल्या गल्लीतलं माणूस भेटावं तसा. हे फक्त आमच्याच घरात घडत नव्हतं, आणि ते लिहिता येत होतं.

त्यानंतर मी सुटलेच. मराठी, कन्नड, इंग्रजी, मिळेल ते आत्मकथन आणत गेले. शेवटच्या पानावर सगळ्यांना माफ करून टाकणारी पुस्तकं मला पटली नाहीत. मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत डब्यात काय नेलं, हे ज्यांना आठवत होतं, त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

हे आक्काला सांगितल्याशिवाय राहवेना. ती लग्न होऊन बेळगावातल्या खासबागेत गेलेली. भावजी यंत्रमागावर कामाला, आक्का घरी ब्लाऊज शिवते. एका रविवारी दुपारी मी फोन लावला आणि त्या शिक्षिकेचं पुस्तक आमच्या मराठीत सांगत वाचू लागले. दोन पानं झाली. पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

"असलं काय वाचतीस गं? बंद कर," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे तीन रविवार तिनं उचलला नाही. चौथ्या रविवारी तिचाच फोन. मी भाताचं पाणी काढत होते.

"त्या मास्तरणीचं म्होरं काय झालं?"

मी गॅस बंद केला आणि पुस्तक शोधायला धावले.

मग दर रविवारी वाचन. ती मधेच थांबवायची. "थांब. आमच्यात पन असंच की." इतक्या वर्षांत आम्ही दोघी यावर पहिल्यांदा बोलत होतो. एकदा ती सहज म्हणून गेली, "मी इतक्या लवकर लगीन का केलं म्हाईत हाय? आप्पांस्नी म्हटलं, तुमी म्हणतासा तिथं करते, पन हिला शिकू द्या." त्या रविवारी मी पुस्तक मिटून ठेवलं.

यंदा उन्हाळ्यात असंच वाचत होते. आक्कानं फोन स्पीकरवर ठेवला होता आणि आई तिथं आलेली आहे हे मला ठाऊक नव्हतं. प्रकरण पुस्तकातल्या मुलीच्या आईचं होतं. बाप मारत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची.

"मग त्या आईनं काय केलं?" आईचा आवाज आला.

 खोटं सांगवेना. "काय केलं न्हाय, आई."

 मग ती म्हणाली, "व्हय. मी पन न्हाय केलं." थोड्या वेळानं, "वाच की फुडं."

पुढच्या आठवड्यात आई एक पिशवी घेऊन कंग्राळीहून खासबागेत आली आणि परत गेली नाही. आप्पांनी माणसं पाठवली. तिनं त्यांना चहा दिला आणि निरोप दिला, "भाकरी करायला शिका म्हणावं."

कंग्राळीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मैत्रिणींनो, हे तुम्हाला सांगायची मला घाई झाली आहे. आम्ही बाहेर पडलेल्या जणी शिकून, नोकऱ्या धरून लांब गेलो. आई सहासष्टाव्या वर्षी दोन सिटी बस बदलून पाऊण तासावर गेली. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं स्थलांतर तेच, असं मला वाटतं.

शुक्रवारी मी बेळगावला निघते आहे. बॅगेत कपडे कमी, पुस्तकं जास्त. आक्काच्या दोन खोल्यांत शेजारच्या दोघी बायका ऐकायला येणार आहेत. निपाणीहून माहेरपणाला आलेली एक मुलगीही विचारून गेली. सहकाऱ्यांना मी 'घरी चाललेय' असं सांगितलं, आणि घरचं विचारल्यावर पहिल्यांदाच 'सगळे मजेत' म्हटलं नाही.

काल आक्काचा फोन आला होता. गल्लीत मागांचा खडखडाट असतो, म्हणाली. "मोठ्यानं वाचावं लागंल बघ. आई म्हागं बसती, तिला सगळं ऐकायचं हाय."