उसळीनंतरचा एमआरआय

बाबांच्या गुदाशयात कॅन्सरची गाठ आहे हे कळल्यावर घरातल्या प्रत्येकाला वेगळी भीती वाटली. आईला वाटलं, माणूस हातचा जातो. मला वाटलं, दुर्बिणीच्या तपासणीला आपण सहा महिने उशीर केला. बाबांना मात्र एकच भीती होती. परळच्या हॉस्पिटलात सर्जननी त्यांना समजावून सांगितलं होतं की गाठ खाली आहे, शौचाची जागा आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत ती पोचली असेल तर तो स्नायू काढावा लागेल आणि मग शौचासाठी पोटावर कायमची पिशवी. पोचली नसेल तर जागा वाचवता येईल. हे एमआरआय काढल्यावर कळेल.

 काळाचौकीला घरी आल्यावर बाबा खाटेवर बसून म्हणाले, "पोटाक पिशवी लावून देवाफुडे कसो बसू मी?"

बाबा गिरणीत होते तेव्हापासून चाळीच्या भजनात पखवाज वाजवतात. गिरणी गेली, मग छापखान्यातली नोकरी झाली, तीही संपली, पखवाज मात्र सुटला नाही. गणपतीत आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते मांडी ठोकून बसतात आणि आरतीपर्यंत उठत नाहीत. आता पोटावर घाण बाळगून मूर्तीसमोर बसायचं ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. मी समजूत घालायला गेले की असं काही नसतं, देवाला चालतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते की देवाच्या वतीने बोलायचा अधिकार तुला कुणी दिला.

एमआरआयची तारीख श्रावणात मिळाली. मी दादरहून दोन दिवस आधीच माहेरी राहायला गेले, कारण आमच्या आईवर आणि चाळीवर माझा विश्वास नाही. एमआरआय सेंटरवाल्यांनी सांगितलं होतं की आदल्या दिवशी हलकं खायचं, पोटात गॅस होईल असं काही नको. मी यादी करून भिंतीवर चिकटवली. कडधान्यं नाहीत, दूध नाही, कोबी नाही. मला याद्या करायची भारी हौस आहे.

चाळीत मात्र बातमी वेगळीच पसरली होती. स्कॅन आणि ऑपरेशन यांत फरक असतो हे कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आमच्याकडे कुणी हॉस्पिटलात निघालं की आदल्या दिवशी प्रत्येक खोलीतून त्याच्या आवडीची एक वाटी येते. परत यायचं आहे, तर तोंडाला चव घेऊन जा, असा त्यामागचा भाव. संध्याकाळपर्यंत आमच्या टेबलावर सात वाट्या जमल्या. श्रावण नसता तर बांगडा आला असता आणि बांगड्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण श्रावण होता, म्हणून समोरच्या काकींनी काळ्या वाटाण्याची उसळ पाठवली होती. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, वर तेलाचा तवंग.

बाबा तीन आठवडे नीट जेवले नव्हते. पानावर बसायचे, भात चिवडायचे, उठायचे. त्या दिवशी मी मऊ भात वाढला तर ते भाताकडे बघेचनात, वाटीकडे बघत होते. तोंडाने मागितली नाही. मागितली असती तर मी ओरडून नाही म्हटलं असतं. आई माझ्याकडे बघत होती आणि भिंतीवर माझी यादी होती. मी उठले आणि स्वतःच्या हाताने अर्धी वाटी उसळ वाढली. ती संपल्यावर उरलेली अर्धीही वाढली. बाबांनी बोटं चाटली. मला इतकं बरं वाटलं की मी यादीकडे पाठ करून बसले.

सकाळी सेंटरमध्ये एनिमा झाला, बाबा त्या बोगद्यासारख्या मशिनमध्ये गेले, आणि मी बाहेर बसून ठकठक आवाज ऐकत राहिले. तासाभराने स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. साधारण माझ्याच वयाच्या बाई होत्या. एकटीला बोलावलं म्हणजे संपलंच, असं धरून मी आत गेले. स्क्रीनवर बाबांचं चित्र होतं आणि त्याच्या मधोमध मोठा काळा डाग. एवढी मोठी गाठ?  मी खुर्चीचा हात धरला.

त्या म्हणाल्या की बसा, ही गाठ नाही, हा गॅस आहे. गाठ बाजूला आहे, राखाडी दिसते ती. त्यांना तीन गोष्टी बघायच्या होत्या: गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, भिंतीबाहेरच्या चरबीच्या वेष्टणापासून किती लांब आहे, आणि खालच्या स्नायूला शिवली आहे का. पहिल्या दोन थोड्याफार दिसत होत्या. तिसरी नेमकी त्या काळ्या डागाने झाकली होती, शिवाय आतडं सारखं हलत असल्यामुळे चित्र पुसट आलं होतं.

"मी 'स्नायूबद्दल सांगता येत नाही' असं लिहिलं तर सर्जन धोका पत्करणार नाहीत," त्या म्हणाल्या. "काल काय जेवले होते?"

"मऊ भात," मी म्हणाले.

 एका वाटीपायी बाबांच्या पोटावर जन्माची पिशवी येणार होती आणि मी तिथे माझी अब्रू सांभाळत होते. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

"आणि उसळ," मी म्हणाले. "काळ्या वाटाण्याची. मीच वाढली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आता बोलणी खायची, या तयारीने मी मान खाली घातली. तर त्यांनी शांतपणे विचारलं, "बरोबर वडे होते?"

वडे नव्हते, असं मी सांगितलं. त्याही आमच्याच बाजूच्या निघाल्या; आमच्याकडे ही उसळ वड्यांबरोबर खातात. त्यांनी रिपोर्ट लिहिलाच नाही. शुक्रवारी पुन्हा या म्हणाल्या, आतडं शांत ठेवायचं इंजेक्शन या वेळी देऊ, आणि दोन दिवस मी लिहून देते तेवढंच. खाली रेघ मारून त्यांनी लिहिलं, वाटाणे नकोत.

ते दोन दिवस मी दारातच ठाण मांडून होते. काकी पुन्हा वाटी घेऊन आल्या. मी ती घेतली, आत जाऊन स्वतः खाल्ली, आणि वाटी रिकामी द्यायची नाही म्हणून साखर घालून परत केली. त्यांना आजतागायत काही कळलेलं नाही. बाबा दोन दिवस भाताची पेज पीत माझ्याकडे रागाने बघत होते.

शुक्रवारचं चित्र स्वच्छ आलं. पुढच्या आठवड्यात सर्जननी ते आम्हाला दाखवलं. गाठ भिंतीच्या जरा बाहेर आली होती, पण वेष्टणापर्यंत पोचली नव्हती. जवळची एक लसिकाग्रंथी संशयास्पद होती, म्हणून आधी रेडिएशन आणि गोळ्या. आणि खालचा स्नायू मोकळा होता. गाठ आणि स्नायू यांच्यामधली जागा त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवली, जेमतेम बोटभर. मी ती जागा डोळे भरून पाहिली. पिशवी लागेलच, ते म्हणाले, पण तीन-चार महिने, आतड्याचा जोड भरून येईपर्यंत. मग काढून टाकू.

बाहेर आल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि रडले. आई शेजारी बसली. बाबा उभेच होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून मला दिला आणि म्हणाले की चल, भूक लागली आहे. महिनाभरात त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं होतं.

गणपतीत रेडिएशन चालू होतं. रोज परळला जाऊन यायचं, आणि संध्याकाळी थकलेल्या हातांनी का होईना, वाजवायचं. ऑपरेशन डिसेंबरात झालं, म्हणजे माघी गणपती आला तेव्हा पिशवी पोटावर होतीच. त्यांना भजनाला बोलवायचं कसं, हे चाळीत कुणाला सुचेना. बाबांनी कुणाला विचारलं नाही. आंघोळ केली, पिशवी बदलली, धुतलेला सदरा घातला आणि पखवाज उचलून मूर्तीसमोर मांडी घातली. मी बायकांच्या बाजूला बसले होते. दुसऱ्या अभंगाच्या मधोमध, सगळे क्षणभर थांबलेले असताना, सदऱ्याखालून पिशवीचा आवाज आला. बराच मोठा. बाबांनी पखवाजावर दणदणीत थाप मारली आणि भजन उचललं.

आरती झाल्यावर मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. डॉक्टरांनी पिशवी असेपर्यंत वाटाणे बंद ठेवले होते. मी दरडावून विचारलं, कुणी दिली उसळ?

"तुझ्या हातची नाय," बाबा म्हणाले, "इतक्याच सांगतंय."