सासऱ्यांचा रिकामा लॅपटॉप

आपल्या लॅपटॉपमध्ये काहीही नाही याचा ज्याला मनापासून अभिमान आहे असा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात एकच असावा, आणि ते नेमके माझे सासरे आहेत. ते कोरगावला राहतात. नोकरीची सगळी वर्षं मात्र डिचोलीकडे, पाळी गावी, एका खाणीच्या कचेरीत गेली. तिथे सगळ्यांच्या फायली एका मोठ्या संगणकात असत आणि ज्याने त्याने आपल्या टेबलावरून त्यात शिरून काम करायचं, असा शिरस्ता होता. पुढे खाण बंद पडली, सासरे घरी आले आणि येताना तो शिरस्ता तेवढा बरोबर घेऊन आले. मधल्या खोलीत त्यांनी एक जुना धिप्पाड संगणक बसवला, त्यात एक फोल्डर केला, त्याला ‘कोठार’ असं नाव दिलं आणि घरच्या वायफायवरून तो सगळ्यांना उघडेल अशी व्यवस्था केली. मुलींच्या लग्नांचे फोटो, विजेची बिलं, देवळातल्या नाटकांच्या चित्रफिती, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं कोठारात. तिथलं काही उचलून आपल्या मशीनवर घेऊन ठेवलेलं त्यांना खपत नसे. कचेरीत एकदा एकाच तक्त्याच्या दोन प्रती निघाल्या होत्या आणि त्यावरून दोन साहेबांचं बोलणं कायमचं बंद झालं होतं, हे ते अजून सांगतात. “एका गोष्टीच्या दोन प्रती झाल्या की त्यातली एक खोटं बोलायला लागते,” हे त्यांचं ठाम मत.

लॅपटॉप म्हणजे त्यांच्या लेखी कोठाराचं दार, आणि दाराला वजन कशाला हवं? तो विकत घ्यायला मी त्यांना म्हापशाला घेऊन गेलो तेव्हा दुकानातला मुलगा स्क्रीन, बॅटरी, वेग वगैरे समजावत होता. यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वजन किती म्हणून विचारलं. मुलाने सांगितलेल्या आकड्यावर काही त्यांचा विश्वास बसेना. शेवटी शेजारच्या किराणा दुकानात जाऊन, तुरडाळ बाजूला सारून, तो लॅपटॉप काट्यावर ठेवण्यात आला. किलोच्या आत बसला तेव्हा कुठे सौदा झाला. त्यात जागा फार कमी आहे असं तो मुलगा प्रामाणिकपणे सांगत होता, तर सासरे म्हणाले, “उत्तम.” तेव्हापासून तो लॅपटॉप त्यांच्या कापडी पिशवीत असतो. सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराकडून घेतलेले उंडे आणि लॅपटॉप एकाच पिशवीतून घरात येताना मी पाहिले आहेत.

कोठारात कुणी काय करायचं हेही त्यांनी ठरवून दिलं आहे. सासूबाईंना सगळं करायची मुभा, पण त्या तिकडे फिरकत नाहीत. दोन्ही मुलींना नवीन फोटो ठेवता येतात, जुने पुसता येत नाहीत. मला फक्त पाहता येतं. मी एकदा भीतभीत कारण विचारलं, तर म्हणाले, “तुम्ही जावई. पाहुण्याने बघावं, हलवू नये.” माझ्या बायकोला हे इतकं आवडलं की आमच्या डिचोलीच्या घरातही मी फ्रिज उघडला की ती हेच वाक्य म्हणते.

एकदा आम्ही कोरगावला असताना लॅपटॉपवर संदेश आला की नेटवर्कवर तो संगणक सापडत नाही. सासरे उठले, मधल्या खोलीत जाऊन संगणक जागेवर असल्याची खात्री करून आले. पुन्हा तोच संदेश. मग त्यांनी लॅपटॉप उचलून आत नेला आणि उघड्या स्क्रीनसकट त्या धिप्पाड संगणकासमोर धरला. “हा काय समोर,” असं ते त्याला अगदी समजुतीच्या स्वरात सांगत होते. खोबरं वाटायला मिक्सर लावायचा म्हणून सासूबाईंनी वायफायची पिन काढून ठेवली होती, एवढंच झालं होतं.

ही सगळी गंमत गेल्या उन्हाळ्यापर्यंत चालली. काजूच्या दिवसांत सासरे बागायतीत बिया गोळा करत असताना घेरी येऊन पडले. गड्यांनी त्यांना घरी आणलं, तिथून म्हापशाच्या एका इस्पितळात नेलं. मी डिचोलीहून पोचलो तेव्हा ते खाटेवर होते, छातीला तारा लावलेल्या आणि कापडी पिशवी उशाशी. डॉक्टर तरुण होत्या. हृदयाच्या आलेखात एक बदल दिसतोय, तो जुना आहे की आजचाच हे कळलं तर पुढचं ठरवता येईल, असं त्या म्हणाल्या. जुना आलेख आहे का? सासऱ्यांचा चेहरा उजळला. आहे की, कोठारात आहे, म्हणत त्यांनी पडल्या पडल्या लॅपटॉप उघडला. तो बराच वेळ शोधत राहिला आणि सापडत नाही म्हणाला. मग सासऱ्यांनी डॉक्टरांना समजावलं, की हे नुसतं दार आहे, कोठार कोरगावला घरी आहे.

“मग दार कशाला आणलंत?” डॉक्टर म्हणाल्या.

सासऱ्यांनी लॅपटॉप मिटून पिशवीत सरकवला. मला त्या आलेखापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. बायकोला त्यांच्यापाशी बसवून मी गाडी काढली. कोरगावला दारात सासूबाई उभ्या होत्या, त्यांच्याशी धड बोललोही नाही. कोठारात ‘तब्येत’ नावाच्या फोल्डरमध्ये वर्षवार सगळं लावलेलं होतं. पाहण्यापुरती परवानगी पुरली. आलेख फोनवर पाठवला आणि तिथेच संगणकासमोर बसून राहिलो. थोड्या वेळाने बायकोचा फोन आला. बदल जुनाच होता. घेरी आली होती ती उन्हाने आणि उपाशीपोटी गोळी घेतल्याने. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी देवापुढे साखर ठेवून आल्या.

सासरे घरी आले. मग एकदा चहा पिताना मला म्हणाले की कोठार बाहेरूनही उघडेल असं करता येतं ना, तर करून टाका. हे मी पूर्वी कितीदा सुचवलं होतं आणि त्यांनी उडवून लावलं होतं. मला वाटायचं, त्यांना चोरीची भीती आहे. मी जाणत्या माणसाकडून सगळं नीट, कुलूपबंद करून घेतलं. पुण्याच्या मेव्हणीने तिथून पहिल्यांदा कोठार उघडलं तेव्हा फोनवर ती आनंदाने रडलीच. आपलं लहानपण सगळं इथे आहे म्हणाली.

यंदा चतुर्थीला ती आली नाही. मुलांच्या परीक्षा, रजा नाही, आणि फोटो तर काय, आता तिथेही दिसतात. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची माटोळी बांधून झाल्यावर सासऱ्यांनी त्या माटोळीचे फोटो काढून लगेच कोठारात ठेवले. जरा वेळाने मेव्हणीचा फोन आला. माटोळी छान झालीय, नारळांचा घड मात्र डावीकडे कललाय म्हणाली. “दिसलं ना? बरं झालं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग मला मधल्या खोलीत बोलावून हळूच विचारलं, “ती थंयसून बघता तेव्हा हंय कळता काय?”

कळतं म्हटलं. या घडीला कोठारात कोण शिरलंय त्याची यादी असते, ती मी त्यांना उघडून दिली. त्यात एकच ओळ होती, मेव्हणीच्या नावाची. सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला. बाहेर आरतीसाठी माणसं जमत होती, सासूबाईंनी हाक मारली. “आलो,” ते म्हणाले, पण उठले नाहीत. स्क्रीनवरून ते नाव जाईपर्यंत तसेच बसून राहिले.