चाकांवरची लॅब

आमच्या धंद्यात पँट धुवायला टाकली की खिशातून दोन-चार स्क्रू निघतातच. कुठल्या कामाचे, कुठल्या टेबलाचे, काही आठवत नाही. मशीन बिघडेल म्हणून आई चिडते. पण मला ते फेकवत नाहीत. माझ्याकडच्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी लाजरा, मित्रांच्यातही ऐकणारा, त्यामुळे माझे किस्से खर्च होत नाहीत, साठत जातात. त्यातले एका लॅबमधले आज काढून ठेवतो.

मी फर्निचर फिटर. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून जिग्नेशभाईंकडे आहे. जिग्नेशभाई म्हणजे आमचे कॉन्ट्रॅक्टर. बडोद्याबाहेर एका केमिकल कंपनीची जुनी लॅब नवी करायचं काम त्यांना मिळालं. नवी म्हणजे नुसता रंग मारायचा नव्हता. लोकांनी एकमेकांशी बोलावं, मिळून काम करावं, अशी लॅब करायची होती!

* * *

पहिल्या दिवशी अहमदाबादहून आर्किटेक्ट आल्या, तर्जनी मॅडम. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मोठ्या खिडक्या, तिरपं ऊन, टेबलाभोवती उभी राहून हसणारी माणसं. मला ती चित्रं फार आवडली. आपण त्या उन्हात एक टेबल फिट करतोय, असं मनात येत राहिलं.

मॅडम तासभर बोलल्या. कोलॅबोरेशन, फ्लेक्सिबल, ओपन. शेवटी जिग्नेशभाईंनी हात वर केला. "मॅडम, एटले भींतो काढवानी ने टेबलने पैडां लगाववानां. बराबर ने?" म्हणजे भिंती काढायच्या आणि टेबलांना चाकं लावायची.

मॅडमनी पडद्यावरच्या चित्राकडे एकदा वळून पाहिलं. म्हणाल्या, "बराबर."

मागून पल्लवीताईंनी विचारलं, "आणि माझी जागा कुठली?" पल्लवीताई तिथल्या केमिस्ट, राहायला बडोद्यातच, समा भागात. अठरा वर्षं एकाच खिडकीपाशी बसत होत्या.

"तुम्ही कुठेही बसू शकता!" मॅडम आनंदानं म्हणाल्या.

"म्हणजे कुठेच नाही," पल्लवीताई म्हणाल्या आणि डबा खायला गेल्या.

नंतर प्लॅन माझ्या हातात आला. व्हरांड्याच्या टोकाला एक छोटी खोली होती. प्लॅनवर त्या खोलीत एक कप काढला होता आणि लिहिलं होतं, कॉफी झोन. ती खोली नेनेकाकांची होती. नेनेकाका लॅबचे काच फुंकणारे. तडकलेले चंबू, तुटलेल्या नळ्या ते ज्योतीवर धरून सांधायचे. हल्ली काचसामान तयार मिळतं, कॅटलॉगमधून. म्हणून काकांना दोन वर्षं, रिटायर होईपर्यंत, स्टोअरमध्ये बसवायचं ठरलं होतं. हे लॅबच्या साहेबांना माहीत होतं, मॅडमना माहीत होतं आणि आता मला माहीत होतं. काकांना नव्हतं.

* * *

लॅबच्या मधोमध एक भिंत होती. अलीकडे रंगांचं काम चालायचं, पलीकडे गोंदाचं. दोन्हीकडचे लोक दिवाळीत एकमेकांना "साल मुबारक" म्हणायचे, तेवढंच. आम्ही ती भिंत तीन दिवसांत पाडली, राडारोडा उचलला, फरशी भरली. एवढा उजेड आत आला की दुपारी धूळसुद्धा सोन्यासारखी दिसायची.

पण लोक सरळ जाईनात! पल्लवीताई पलीकडे जायला निघाल्या की व्हरांड्यातून वळसा घालायच्या. मी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी धीर करून म्हणालो, "ताई, इथून सरळ जा ना."

"अरे, मध्ये भिंत नाही का?" त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं.

लॅबचे साहेब डॉक्टर मेहता तर त्याहून पुढचे. भिंतीत जिथे फक्त साहेबांच्या येण्याजाण्याचं दार होतं, तिथे ते येऊन थांबले आणि टकटक करायला हात उचलला. हात हवेतच राहिला. मी पाना घासत बसलो, न पाहिल्यासारखा. साहेबांनी हात खाली घेतला, खोकले आणि आत गेले. त्या दिवशी मला पाडलेली भिंत स्पष्ट दिसली.

* * *

नेनेकाकांच्या खोलीचं माप घ्यायला मलाच पाठवलं.

काका ज्योतीपुढे बसले होते. घर बडोद्याच्या जुन्या वस्तीत, घडियाळी पोळात, बोलणं अगदी सावकाश. "कसलं माप घेतोयस?"

"असंच," मी म्हणालो. खोटं बोलताना माझे कान तापतात.

"किती शिकलास?"

"नववी."

"आणि मापं चुकत नाहीत?"

"मापाला नववी पुरते, काका."

ते हसले. मी टेपचं टोक कोपऱ्यात अडकवू पाहत होतो, ते सारखं सुटत होतं. काकांनी ज्योत बारीक केली, उठले आणि ते टोक स्वतः भिंतीला धरलं. "एकट्यानं धरलं की झोळ पडतो. हं, बघ आता. किती आलं?"

मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्या हातातला प्लॅन पाहिला. तो कप पाहिला. टेप मात्र सोडली नाही.

"आडवं माप राहिलं ना?" ते म्हणाले. "चल, तेही घेऊन टाकू."

* * *

मग चौदा टेबलांना चाकं लागली. सगळी गुळगुळीत, बोटानं ढकलली तरी चालणारी. एका ओळीत उभी केली आणि आम्ही जेवायला गेलो.

परत येऊन बघतो तर ओळ गायब! तेरा टेबलं लांबच्या कोपऱ्यात एकमेकांना खेटून उभी. एक मागे राहिलं होतं, तेही आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू, कसलाही आवाज न करता निघालं आणि बाकीच्यांना जाऊन मिळालं.

जुन्या लॅबच्या फरशीला उतार असतो. काही सांडलं तर पाणी मारून मोरीकडे ढकलता यावं म्हणून. हे ना मॅडमना सुचलं, ना आम्हाला.

तेवढ्यात मेहतासाहेब आले. "हे कोणी केलं?"

जिग्नेशभाई अजिबात गडबडले नाहीत. "साहेब, टेबलांनी मीटिंग चालू केली. आता माणसं तेवढी बाकी आहेत!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या चाकांना ब्रेक बसवले.

* * *

एक मोठी काच बसवली होती. मॅडमचं म्हणणं, येता-जाता कुणाला काही सुचलं तर त्यानं त्यावर लिहावं, दुसऱ्यानं ते पुढे न्यावं. आठवडाभर काच कोरी होती. सोमवारी पाहिलं तर कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी चिकटवलं होतं. ऑफिसचा छापील कागद, खाली शिक्का:

"काचेवर लिहू नये."

* * *

एव्हाना स्टोअरचं काकांनाही कळलं होतं. माझी जेवणाची सुट्टी मी काकांच्या खोलीत काढायला लागलो. बोलायचं असं काही नसायचं. ते काम करायचे, मी बघायचो. काच ज्योतीत गेली की ज्योत भडक पिवळी व्हायची, काही दिसायचं नाही. एकदा काकांनी आपला जांभळट चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला.

पिवळं सगळं गेलं. जाळ जवळजवळ दिसेनासाच झाला. नुसती काच तेवढी हवेत, आतून उजळलेली, मधासारखी हलत होती. किती वेळ बघत होतो कोण जाणे. जिग्नेशभाई दोनदा हाका मारून गेले म्हणे.

"काका," मी म्हणालो, "स्टोअरमध्ये काय कराल?"

"डबे मोजीन," काका म्हणाले. "चष्मा दे इकडे, नाहीतर हात भाजेल माझा."

* * *

शेवटी मेहतासाहेबांचा मेल आला. काचेची दुरुस्ती शुक्रवारपर्यंतच होईल, नंतर खोलीचं काम सुरू.

शुक्रवारी सकाळी मी कॉफी काउंटरचं प्लाय घेऊन गेलो तर दारात रांग! लोकांनी वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये दडवलेली तडकलेली काच बाहेर काढली होती. रंगवाले, गोंदवाले, सगळे. प्रत्येकाच्या हातात काहीतरी फुटकं. माझ्या खांद्यावरचं प्लाय बघून कुणी बाजूला सरकेना. मलाही सरका म्हणवेना.

पल्लवीताईंच्या पुढे गोंदवाला शहा उभा होता. दोघांचे चंबू काकांनी सांधून जाळीवर ठेवले. ताई म्हणाल्या, "तुमचाही बुडाशीच गेला?"

"दर वेळी तिथेच. आत माल घट्ट बसतो ना."

"आमचाही बसतो. मग काढता कसा?"

"आता नाही काढत. आधी बर्फात धरतो, आपोआप सुटतो."

"आधी बर्फात?" ताईंनी पेन काढलं आणि तळहातावर लिहायला लागल्या. "अहो, चार वर्षं मी खरवडतेय! सांगायचं नाही का?"

"मने क्यां खबर, बेन? मला काय माहीत! तुम्ही विचारलंच नाही!" शहा म्हणाला. मागचे चार-पाच जण पुढे सरकून ऐकायला लागले. मग तेही बोलायला लागले.

तर्जनी मॅडम साइट बघायला आल्या होत्या. कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. हळूच मला विचारलं, "ही मीटिंग कोणी बोलावली?"

"कोणीच नाही, मॅडम," मी म्हणालो. "काच गार होतेय."

काकांनी ज्योतीवरची नजर न काढता म्हटलं, "वीस मिनिटं लागतात. तोवर हात लावायचा नाही."

मॅडम तिथेच पायरीवर बसल्या. मी प्लाय भिंतीला टेकवून ठेवलं. रांग संपायला संध्याकाळ झाली.

शनिवारी सकाळी जिग्नेशभाईंच्या व्हॉट्सअॅपवर नवा प्लॅन आला. खोलीतला कप नव्हता. काकांचं टेबल होतं तिथेच होतं. फक्त पुढच्या भिंतीच्या जागी काच आणि काचेबाहेर भला लांब कट्टा. कट्ट्यावर मॅडमनी हातानं लिहिलं होतं, "२० मिनिटं".

जिग्नेशभाईंनी फोन जवळ धरला, लांब धरला, दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. मग माझ्यापुढे धरला.

"लांबी लिहिली, रुंदी लिहिली, ते कळलं. पण अल्या, हे वीस मिनिटं काय? आणि त्याला लॅमिनेट कुठलं लावायचं?"