न्हाणीतला डबा

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही — गप्प मुलगी काही लपवत असेल, असं कुणाला वाटतं?

पाथर्डीत आमच्या घरी बाळांसाठी उटणं बनतं. बनवते माझी थोरली काकू. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून माल परदेशी पाठवायची कागदपत्रं माझ्याकडे. तिकडच्या खरेदीदाराचं समाधानच होईना. लेबल बदला. घटकांची नावं लॅटिनमध्ये द्या. बाळाच्या त्वचेला सुरक्षित आहे असा तज्ज्ञाचा दाखला आणा — आणला, तर म्हणे अपुरा. मग पुण्याच्या प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी. नुसता वैताग! आणि दर वेळी काकूकडे नमुना मागायला मीच. ती खोली पुसून, टोपी-हातमोजे चढवून, न कुरकुरता नवा काढून द्यायची.

त्या दिवशी कुरिअरवाला दारात, आणि माझ्या हातून नमुन्याची बाटली कलंडली. अर्धं उटणं फरशीवर. पुन्हा काकूकडे जायचं? मला लाज वाटली — नाही, खरं सांगते, कंटाळा आला. न्हाणीत माझ्या भाच्याच्या उटण्याचा डबा होता. काकूनंच केलेलं, तेच उटणं. फक्त त्यात रोज सगळ्यांचे ओले हात जायचे. मी त्यातून बाटली भरली.

अहवालात जंतू निघाले. ऑर्डर हातची गेली.

पप्पांनी विचारलं, "वहिनी, हात नीट धुतले होते ना?"

"धुतले हुते की, भावजी." काकू तळव्यांकडे बघत राहिली. "पन कागद कशाला खोटं बोलंल?"

अहवाल माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. पप्पा म्हणाले, परत वाच. मी वाचलं — जंतूचं अवघड नावसुद्धा, न अडखळता.

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक तान्ह्या बाळाला काकूच न्हाऊ घालायची. परवा शेजारच्या आजी नातीसाठी बोलवायला आल्या. काकूनं हात पदराखाली घेतले.

"नगं बाई. माज्या हातात जंतू हायेत. आमच्या पोरीनं वाचलंय, इंग्रजीत."

आजींनी माझ्याकडे पाहिलं — खरं का गं?

मी मान हलवली. हो म्हणून.