इतर कोणाचीही तक्रार नाही

‘त्या दिवशी फळे घेतलेल्या इतर कोणाचीही तक्रार नाही. तक्रारदार क्रमांक दोन वयोवृद्ध असून त्यांचा आजार वयोमानामुळे असावा.’ फळांच्या दुकानाने ग्राहक आयोगात दाखल केलेल्या उत्तरातली ही वाक्यं. मूळ इंग्रजीत आहेत आणि तिथे ती आणखी साळसूद वाटतात. तक्रारदार क्रमांक एक म्हणजे मी. क्रमांक दोन म्हणजे माझ्या सासूबाई. या चैत्रापर्यंत बनशंकरीच्या बाजारातून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन त्या चालत घरी यायच्या. वयोमान म्हणे!

आमच्याकडे चैत्रगौरीपुढे कलिंगडाचं कमळ मांडतात. ते दर वर्षी सासूबाई कापतात. यंदा हळदीकुंकवाला बायका जास्त येणार, म्हणून मुख्य रस्त्यावरच्या नव्या दुकानातून कमळ आणि कापलेल्या फळांचे डबे मागवले. पाहुण्या दारात असतानाच डबे आले. गौरीला नैवेद्य दाखवला आणि लगेच वाटला. आंबेडाळ आणि पन्हं घरातल्या पुरुषांनीही ओरपलं, त्यांना काही झालं नाही. फळं मात्र बायकांपुरतीच होती. सगळ्या गेल्यावर ताटांत राहिलेल्या फोडी सासूबाईंनी एकटीने संपवल्या. प्रसाद टाकणं त्यांना जमतच नाही.

दुसऱ्या दिवशी फोन थांबेना. पहिला फोन समोरच्या अक्कांचा. त्याही आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथे कानडी मुलखात राहिलेल्या मराठी घरातल्या. “अगं, रात्रभर बाथरूमच्या दारात बसले होते. स्वल्पसुद्धा डोळा लागला नाही.” पाठोपाठ बाकीच्यांनी आपापल्या उलट्याजुलाबांची वर्णनं अगदी रंगवून सांगितली. माझंही पोट ढवळत होतं, पण मी ऐकत होते ते हॉस्पिटलच्या पायरीवर बसून. आत सासूबाईंना रक्ताचे जुलाब होत होते. पुढे जंतुसंसर्ग किडन्यांपर्यंत गेला. डॉक्टरांनी विचारलं, “तपासायला एखादी फोड उरली आहे का?” कुठून उरणार? प्रसाद होता तो.

मी दुकानात जाऊन भांडले. मॅनेजर गोड हसून कानडीत म्हणाला, “फ्रूट बास्केट कळिस्तीनी, मॅडम.” म्हणजे ज्या सुरीने, ज्या पाण्याने माझं माणूस आडवं केलं, त्याच सुरीने कापलेली फळं टोपलीत भरून घरपोच पाठवणार! पायातली चप्पल पायातच ठेवली, हे माझ्यावरचे संस्कार. मी तक्रार केल्यावर अन्न खात्याचे अधिकारी आले, पण तोवर दुकान आरशासारखं लख्ख झालं होतं. ताज्या फळांचे नमुने घेतले गेले. ते स्वच्छ निघाले यात नवल ते काय?

माझी एक भाची वकील आहे. तिने शांतपणे समजावलं. “बिल तुझ्या नावावर आहे, म्हणून तू ग्राहक. तुझ्या घरी ज्यांनी ती फळं खाल्ली त्याही ग्राहक. तपासायला फळ उरलं नसेल, तर एकाच संध्याकाळी तेच खाऊन किती जणी आजारी पडल्या, हा पुरावा. त्यांच्याकडून लिहून घे.”

मी घरोघर गेले. फोनवर एवढं रंगवून सांगणाऱ्या बायका आता गप्प. “माझं पोट तसंही नाजूकच आहे.” “उन्हाचा त्रास असेल.” अक्कांनी तर कानांना हात लावले. “गौरीच्या प्रसादाने आजारी पडले असं सहीनिशी लिहून देऊ? पाप लागेल गं.” दुकानवाल्याला पाप लागत नव्हतं, ते बरोबर अक्कांना लागणार होतं. मी रागाने चहाही न घेता उठले. शेवटी तक्रारीवर आम्हा दोघींचीच नावं गेली आणि दुकानाने नेमकं तेच उचललं.

ते उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाहिलं. मग म्हणाल्या, “श्रावणातला शुक्रवार आहे. सगळ्यांना बोलाव.”

बायका आल्या. फुटाणे, दूध झालं. अक्का कुंकू लावायला सासूबाईंपुढे वाकल्या, तेव्हा सासूबाईंनी आपल्या डाव्या हातावरचा पदर बाजूला केला. डायलिसिससाठी त्या हाताची शीर धमनीला जोडून घेतली आहे, तिथे बांगडी चालत नाही. सासरे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले आणि सवाष्णीचा हात ओका. अक्कांचं बोट हवेतच राहिलं.

“अहो, बांगड्या?”

“काढल्या,” सासूबाई म्हणाल्या. “आता आठवड्यातून दोनदा या हाताला सुया टोचतात. अक्का, गौरीला नावं ठेवा असं मी म्हणत नाही. कलिंगड तिने कापलं नव्हतं. पण वय झालं म्हणून मी आजारी पडले, असं तिकडे लिहिलंय. तुम्ही गप्प बसलात म्हणून लिहिलंय.”

 मला इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू फुटलं आणि मी उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा अक्का पदराने कुंकवाचं बोट पुसत होत्या.

“सरी… बरं, आण तो कागद,” त्या मला म्हणाल्या. “वय लिहायलाच लागतं का?”

“लागतं.”

त्यांनी लिहिलं. बहुधा पहिल्यांदाच खरं. मग काय खाल्लं आणि रात्रभर काय झालं ते लिहू लागल्या. बाकीच्या बायका पेनासाठी थांबल्या होत्या. वर पंखा जोरात फिरत होता आणि कागद उडू नये म्हणून सासूबाईंनी तो आपल्या ओक्या हाताने दाबून धरला होता.